वाचकांचे प्रश्न : दुखऱ्या गुडघ्याचा खेळाडू घ्यावा का?

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा, ड्राफ्ट दर एप्रिलच्या अखेरीस होतो आणि त्या सुमारास या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख ठरलेला असतो. या वेळी निवडलेली पाचही पत्रे एकाच वादाभोवती फिरणारी आहेत. ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, महाविद्यालयातून बाहेर पडणारे खेळाडू ३२ संघ सात फेऱ्यांत वाटून घेतात, गेल्या मोसमातल्या सर्वांत दुबळ्या संघाला पहिली निवड मिळते आणि विजेत्याला फेरीच्या शेवटी थांबावे लागते.

प्रश्न : आमच्या घरी दर एप्रिलमध्ये एकच भांडण नव्याने पेटते. २०१६ साली डॅलस काउबॉइजने जेलन स्मिथ या लाइनबॅकरला (बचाव फळीमागे उभा राहून चेंडूवाल्याला अडवणाऱ्या खेळाडूला) ३४व्या क्रमांकावर घेतले, तेव्हा त्याचा गुडघा निकामी झालेला आहे हे जगजाहीर होते. माझा मुलगा म्हणतो की ती निवड वाया गेली, कारण त्याच रांगेत पुढे क्रिस जोन्स, डेरिक हेन्री आणि मायकल थॉमस उभे होते. शेजारचे काका म्हणतात की असा खेळाडू त्या क्रमांकावर मिळणे ही लॉटरीच होती. मला दोघांनाही एकाच टेबलावर जेवायला वाढायचे असते. बाजू कोणाची घ्यावी?
– एक वाचक, फ्रिस्को, टेक्सास

उत्तर : आपण काकांची बाजू घ्यावी, पण मुलाला पहिली पोळी वाढून, कारण त्याच्या म्हणण्यात जी सल आहे ती खरी आहे, तो फक्त चुकीच्या वर्षावर राग काढतो आहे.

आधी २०१६ च्या एप्रिलमध्ये काय माहीत होते ते पाहू. स्मिथ नोत्र दाम विद्यापीठाचा खेळाडू होता आणि देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन लाइनबॅकरला मिळणारा बटकस पुरस्कार त्याने २०१५ च्या मोसमासाठी मिळवला होता. तो पहिल्या पाचांत जाईल असे सगळे धरून चालले होते. १ जानेवारी २०१६ रोजी ॲरिझोनात झालेल्या फिएस्टा बोल या मोसमाअखेरच्या महाविद्यालयीन सामन्यात, ओहायो स्टेटविरुद्ध, त्याला धक्का बसला आणि डावा गुडघा वाकू नये तसा वाकला. दोन लिगामेंट, म्हणजे सांधा बांधून ठेवणारे बंध, फाटले. एवढेच झाले असते तर तो पहिल्या फेरीतून खाली घसरलाही नसता, कारण फाटलेले लिगामेंट बदलता येते आणि नऊ-दहा महिने ते वर्षभरात खेळाडू परत उभा राहतो, हा आता रुळलेला रस्ता आहे. अडचण मज्जातंतूची होती. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने, हाडाला अगदी खेटून, पाऊल वर उचलणारा मज्जातंतू जातो. तो ताणला गेल्यामुळे स्मिथचे पाऊल लोंबू लागले होते. इजा झालेला मज्जातंतू वाढलाच तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर, आणि तो वाढेल की नाही हे एप्रिलमध्ये छातीठोकपणे सांगू शकेल असा डॉक्टर कोणत्याही संघाकडे नव्हता. अनेक संघांनी त्याचे नाव यादीतूनच खोडले आहे, अशा बातम्या तेव्हा येत होत्या.

मात्र डॅलसकडे इतरांकडे नव्हती अशी एक गोष्ट होती. स्मिथच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया काउबॉइजच्याच संघाचे डॉक्टर डॅन कूपर यांनी केली होती. इतर ३१ संघांनी त्या गुडघ्याच्या प्रतिमा पाहिल्या, तर या एका संघाच्या माणसाने तो मज्जातंतू प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला होता आणि तो तुटलेला नाही हे त्याला ठाऊक होते. म्हणून ती निवड मला कधीच आंधळा जुगार वाटली नाही. बाजारात सगळ्यांना एकच भाव दिसत असताना, ज्याने पोत्यात हात घालून धान्य पाहिले आहे त्याने दोन पैसे जास्त मोजावेत, तसा तो प्रकार होता.

मुलाचा युक्तिवाद आता तपासू. डेरिक हेन्री ४५वा गेला हे खरे, पण डॅलसने त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर इझिकिएल एलियट हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, घेतला होता आणि हेन्रीही रनिंग बॅकच. एका घरात दोन नवरदेव कशाला? मायकल थॉमस ४७वा गेला, म्हणजे डॅलसनंतरही बारा वेळा त्याला कोणी ना कोणी ओलांडून पुढे गेले. ३७वा गेलेला क्रिस जोन्स मात्र खरोखर बोचणारा आहे आणि तिथे मी आपल्या मुलाशी वाद घालणार नाही. तरीही निकाल हाती आल्यावर निवडीला नावे ठेवणे सोपे असते. मुलाने एक आकडा मात्र लक्षात ठेवावा. स्मिथ २०१६ चा मोसम पूर्ण बाहेर बसला आणि त्यानंतर २०१७ ते २०२० या चार मोसमांत, तेव्हा साखळीत १६ सामने असत, तो दर वर्षी सोळाच्या सोळा सामने खेळला. ज्याला सगळे जण ‘दुखापतीचा माल’ म्हणत होते, त्याने डॅलससाठी चार वर्षांत एकही साखळी सामना चुकवला नाही. २०१९ च्या मोसमात ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठीही त्याची निवड झाली.

मग सल कुठली? ऑगस्ट २०१९ ची. त्या महिन्यात डॅलसने त्याला पाच वर्षांची, ६ कोटी ४० लाख डॉलरची मुदतवाढ दिली. त्यानंतर त्याचे पाऊल मंदावले. तो सामने चुकवत नव्हता, पण बाजूला पळणाऱ्या खेळाडूपर्यंत पोचायला त्याला अर्धे पाऊल उशीर होऊ लागला. हा उशीर जुन्या जखमेमुळे होता की नव्या प्रशिक्षकांच्या बदललेल्या पद्धतीमुळे, यावर डॅलसचे चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये मोसम सुरू असतानाच संघाने त्याला सोडून दिले आणि त्यामागे, तो जखमी झाला तर पुढच्या वर्षाचा पगार द्यावाच लागेल ही करारातली हमी, हे एक कारण असल्याचे तेव्हा छापून आले होते. ड्राफ्टच्या दिवशी ज्या भीतीकडे संघाने धीराने काणाडोळा केला, तीच भीती करारामुळे पाच वर्षांनी दारात येऊन उभी राहिली.

हे एकट्या स्मिथचे नाही. टॉड गर्लीचा गुडघा नोव्हेंबर २०१४ मध्ये महाविद्यालयात फाटला, तरी रॅम्सने त्याला २०१५ मध्ये दहावा घेतला आणि २०१७ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. निवड सोळा आणे खरी ठरली. मग २०१८ च्या जुलैमध्ये चार वर्षांचा ६ कोटी डॉलरचा नवा करार झाला, त्याच मोसमाच्या अखेरीस गुडघा कुरकुरू लागला आणि मार्च २०२० मध्ये रॅम्सने त्याला मोकळे केले. चाहते ड्राफ्टच्या रात्री जेवढे घसे कोरडे करतात, त्याच्या निम्मे जरी दुसऱ्या कराराच्या दिवशी केले असते तर बरे झाले असते, असे मला फार वाटते. डॅलसने पुढे काहीसा धडा घेतलेला दिसतो. २०१८ मध्ये १९वा घेतलेला लेटन व्हँडर एश मानेच्या जन्मजात अरुंद कण्यासह आला होता आणि पहिल्याच वर्षी त्याने १४० टॅकल केले, म्हणजे तितक्यांदा चेंडूवाल्याला पाडले. पण २०२१ मध्ये त्याच्या करारात संघाच्या मर्जीवर असलेले पाचवे वर्ष वाढवायला संघाने नकार दिला आणि पुढे त्याला छोट्या मुदतीच्या करारांवर ठेवले. मार्च २०२४ मध्ये मानेमुळेच तो निवृत्त झाला, तेव्हा संघाच्या तिजोरीला फारशी झळ बसली नाही. त्या तरुणाचे काय झाले हा प्रश्न वेगळा, आणि तो मोठा आहे.

प्रश्न : मी हा खेळ मुलीमुळे अलीकडे पाहू लागलो. एवढे पैसे आणि एवढे डॉक्टर असताना खेळाडूचा गुडघा टिकेल की नाही हे आधीच का कळत नाही?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तपासणीत कसर नसते. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंडियानापोलिस येथे ‘कंबाइन’ भरते आणि तीनशेहून अधिक खेळाडू तिथे बोलावले जातात. दूरचित्रवाणीवर आपल्याला त्यांची ४० यार्डांची धाव दिसते, पण संघांच्या दृष्टीने तो मेळा मुळात वैद्यकीय आहे. खेळाडू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, प्रत्येक खोलीत काही संघांचे डॉक्टर बसलेले असतात आणि एकच गुडघा एका दिवसात अनेक हातांनी ओढून, वळवून पाहिला जातो. एक्स-रे, एमआरआय आणि जुन्या शस्त्रक्रियांचे कागद समोर असतात. ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे त्यांना एप्रिलमध्ये पुन्हा बोलावले जाते.

गंमत अशी की, हे सगळे पाहून डॉक्टर एकमत होत नाहीत. त्यांचे काम शक्यता सांगण्याचे असते, निवडायचे की नाही हे मालक आणि महाव्यवस्थापक ठरवतात, आणि भित्र्या मालकाला भित्रा डॉक्टर आवडतो. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ड्राफ्टमधले नाही, पण ते सांगितल्यावाचून राहवत नाही. २००६ मध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आक्रमणाचा सूत्रधार, ड्रू ब्रीस खांद्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर करारातून मोकळा होता. मायामी डॉल्फिन्सच्या डॉक्टरांनी त्या खांद्यावर नापसंतीचा शेरा मारला आणि संघाने दांते कल्पेपर याला आणले. न्यू ऑर्लीन्स सेंट्सने तोच खांदा पाहून ब्रीसला घेतले. कल्पेपर मायामीसाठी चार सामने खेळला आणि ब्रीसने फेब्रुवारी २०१० मध्ये न्यू ऑर्लीन्सला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला.

आपण पुण्याचे असल्याने एक जवळचे उदाहरण देतो. २०२२ च्या आयपीएल लिलावात मुंबई इंडियन्सने जोफ्रा आर्चरसाठी ८ कोटी रुपये मोजले, तेव्हा तो त्या मोसमात खेळणारच नाही हे सगळ्यांना माहीत होते. डॅलसने स्मिथसाठी केले ते हेच, फक्त आर्चरचा डाव साधला नाही. २०२३ मध्ये तो पाच सामने खेळून परतला.

प्रश्न : आमच्या कार्यालयात एखाद्या खेळाडूला ‘इंज्युरी प्रोन’ म्हटले की चर्चा संपते. हा शिक्का खरोखर काही सांगतो का, की आपल्या मनाचे समाधान असते?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तो शिक्का फार वेगवेगळ्या माणसांना एका दावणीला बांधतो, ही माझी मुख्य तक्रार आहे. फ्रँक गोरचे पाहा. मायामी विद्यापीठात असताना त्याचे दोन्ही गुडघे, वेगवेगळ्या वर्षी, फाटले. २००५ मध्ये तो तिसऱ्या फेरीत, ६५व्या क्रमांकावर गेला. रनिंग बॅकला आयुष्य जेमतेम चार-पाच वर्षांचे असते असे मानणाऱ्या लीगमध्ये तो १६ मोसम टिकला, बरोबर १६,००० यार्ड पळाला आणि धावण्याच्या सर्वकालीन यादीत तिसरा येऊन थांबला. मार्कस लॅटिमोरचेही दोन्ही गुडघे वेगवेगळ्या वर्षी गेले, पण २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये टेनेसीविरुद्ध त्याचा उजवा गुडघा अक्षरशः निखळला. विशेष म्हणजे गोरला घेणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोनेच २०१३ मध्ये त्याला चौथ्या फेरीत, १३१वा घेतला. तो एकही सामना न खेळता नोव्हेंबर २०१४ मध्ये निवृत्त झाला. कागदावर दोघांची नोंद एकाच ओळीत बसते. पण एका गुडघ्यातले एक लिगामेंट फाटणे वेगळे आणि सांधाच जागचा हलणे वेगळे.

आता तिसरा नमुना, जो मला सर्वांत जास्त आवडतो. रॉब ग्रोन्कोव्स्कीने पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे महाविद्यालयातला शेवटचा, २००९ चा, पूर्ण मोसम गमावला आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला २०१० मध्ये ४२वा घेतला. पुढे त्याचा हात मोडला, तोच हात पुन्हा मोडला, गुडघा फाटला, पाठीवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. म्हणजे शिक्का शंभर टक्के खरा निघाला! आणि तरीही तो चार सुपर बोल जिंकून गेला, त्यांपैकी तीन न्यू इंग्लंडसाठी. ४२व्या क्रमांकावर असा टाइट एंड (झेलही घेणारा आणि प्रतिस्पर्ध्याला अडवणाराही आक्रमक खेळाडू) घेतला म्हणून न्यू इंग्लंडमधल्या कोणत्या चाहत्याने संघाला बोल लावला असेल? दुखापत होईल का, हा प्रश्न विचारावाच. पण दुखापती धरून जेवढे सामने मिळतील तेवढे या क्रमांकाला पुरेसे आहेत का, हा प्रश्न आपल्या कार्यालयात कोणी विचारत नसावे.

पैशाची एक बाजू इथे सांगायला हवी, कारण तिने या वादाचे गणितच बदलले. २०१० मध्ये सेंट लुइस रॅम्सने सॅम ब्रॅडफर्डला पहिला घेतले, तेव्हा आदल्या वर्षी खांदा दुखावल्यामुळे तो फारसा खेळलेला नव्हता. त्याचा करार सहा वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलरचा आणि त्यातले ५ कोटी हमीचे! पहिल्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला, पण २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा गुडघा फाटला आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये तोच गुडघा पुन्हा. असा करार गळ्यात पडला की संघ वर्षानुवर्षे वाकून चालतो. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या कामगार करारात नवोदितांच्या पगाराला चौकट घातली गेली आणि त्याच वर्षी पहिला आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख डॉलर मिळाले. तेव्हापासून दुखऱ्या खेळाडूला घेण्यात संघाचे पैसे फारसे जात नाहीत, जातो तो क्रमांक. म्हणून दुसऱ्या फेरीत धाडस करणारे संघ दिसतात आणि पहिल्या पाचांत करणारे विरळा. २०२० मध्ये मायामीने नितंबाचा सांधा निखळलेल्या तुआ टागोवायलोआला पाचवा घेतला, हा अशा विरळांपैकी एक. त्याच्या लगेच नंतर, सहावा, जस्टिन हर्बर्ट गेला आणि मायामीतला वाद आजतागायत शमलेला नाही. नितंबाने मात्र तुआला पुढची काही वर्षे तरी दगा दिला नाही. त्याला जास्त करून बाहेर बसवले ते डोक्याला बसलेल्या माराने, ज्याचा ड्राफ्टच्या रात्रीच्या चर्चेत मागमूसही नव्हता.

प्रश्न : घसरलेल्या खेळाडूचे नुकसान कोण भरून देतो?
– एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : बव्हंशी कोणीच नाही. नामांकित महाविद्यालयीन खेळाडू विमा उतरवतात आणि ठरलेल्या क्रमांकाच्या खाली घसरल्यास काही रक्कम मिळते. स्मिथला पहिल्या फेरीतून घसरल्याबद्दल सुमारे ९ लाख डॉलर मिळाल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. त्या ड्राफ्टच्या पहिल्या पाचांतल्या खेळाडूंचे चार वर्षांचे करार दोन कोटी डॉलरच्या वर होते, यावरून काय ते समजा.

त्याच वर्षीच्या, म्हणजे २०१६ च्या, डिसेंबरमध्ये लेनर्ड फोर्नेट आणि क्रिस्चन मकॅफ्री या दोघांनी आपापले बोल सामने खेळायला नकार दिला. त्यांच्यावर स्वार्थीपणाची टीका झाली. चार महिन्यांनी ते चौथा आणि आठवा गेले. मिशिगनचा टाइट एंड जेक बट मात्र ३० डिसेंबरला ऑरेंज बोल खेळला, त्याचा गुडघा फाटला आणि तो पाचव्या फेरीत १४५वा गेला. त्यानंतर टीका करणाऱ्यांचे आवाज बरेच खाली आले.

प्रश्न : मी नाशिकची. सहा महिने टेक्सासमधल्या प्लेनोला लेकीकडे आहे. नातू जुने सामने लावतो आणि म्हणतो, “आजी, याचा पाय मेला होता.” तो स्मिथ की कोण. मेलेल्या पायाने माणूस पळतो कसा?
– एक आजी

उत्तर : आजी, नातवाने थोडी अतिशयोक्ती केली आहे, पण फार नाही. आपण खुर्चीत बसून टाच जमिनीवरच ठेवावी आणि फक्त चवडा वर उचलून पाहावा. स्मिथला २०१६ मध्ये डाव्या पायाने एवढेच करता येत नव्हते. चालताना पाय पुढे टाकण्याच्या क्षणी चवडा वर उचलला गेला नाही तर बोटे जमिनीला अडतात, म्हणून असा माणूस जिना चढल्यासारखा गुडघा उंच उचलत चालतो. पाऊल बाहेरच्या बाजूला वळवण्याचे कामही त्याच मज्जातंतूकडे असते, आणि लाइनबॅकरचा निम्मा खेळ तिरके पाऊल टाकण्याचाच असतो.

२०१७ च्या मोसमात तो खेळला तेव्हा त्याच्या बुटात तळव्याखालून निघून पोटरीपर्यंत जाणारा एक आधार होता, जो चवडा धरून ठेवायचा. स्नायूचे काम तो आधार करायचा, पण वळण्याची मोकळीक तेवढी कमी व्हायची. नातवाला त्या वर्षीचे सामने लावायला सांगावे आणि चेंडूकडे न पाहता ५४ क्रमांकाच्या डाव्या पायाकडे पाहावे, म्हणजे वळताना तो एक जादा पाऊल टाकतो ते दिसेल. २०१८ मध्ये तो आधार सुटला. त्या वर्षी २३ डिसेंबरला आर्लिंग्टनच्या मैदानावर, म्हणजे आपण राहता तिथून गाडीने फार लांब नाही, टॅम्पा बेच्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटला, स्मिथने तो उचलला आणि ६९ यार्ड पळत जाऊन गोलरेषेपलीकडे नेला. नातवाकडे ती चित्रफीत नक्की असेल. ती आधी नेहमीच्या गतीने पाहावी आणि मग सावकाश लावून घ्यावी, डाव्या पायाचा चवडा दर पावलाला वर उचलला जाताना दिसेपर्यंत.